सहा किलोंत चार दिवस

मालकीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच भिंगरीला कळलं की आता नकार येणार.

"तू नको गं या वर्षी," त्या म्हणाल्या. "चार दिवस नुसतं चालणं असतं, तुला ठाऊक आहे. फरश्या गुळगुळीत, गर्दी ही एवढी. मलाही येता येणार नाही, लेकीचे दिवस भरत आलेत. चष्मेवाला जाऊन येईल."

"चष्मेवाल्याला पुतळ्याला शर्ट घालता येत नाही, बाई. बटणं पाठीकडे घेतो."

चष्मेवाला म्हणजे दुकानातला जाड भिंगांचा मदतनीस पोरगा. मालकीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

कपड्यांचं ते दुकान तीन मजली होतं आणि रस्त्याच्या बाजूला त्याला तीन मोठ्या दर्शनी काचा होत्या. त्या काचांमागे काय दिसावं हे अठरा वर्षं भिंगरीनं ठरवलं होतं. पुतळे, कपडे, दिवे, मागचे पडदे, सगळं. शिडीवर ती चढायची ती तोंडात टाचण्या धरूनच. दर वर्षी थंडी ओसरू लागली, झाडांना पालवी फुटायच्या बेतात आली, की मोठ्या शहरात दुकानांच्या सजावटीचं प्रदर्शन भरायचं आणि मालकीणबाईंबरोबर ती तिथं जायची. मागच्या वर्षी ती गेली नाही, कारण त्या दिवसांत ती नुकती कुठं उभी राहायला शिकत होती. सोळा महिन्यांपूर्वी स्कूटर घसरली होती. उजवा गुडघा जोडला गेला, पण कायमचा सरळ राहिला. आता ती दोन कुबड्या घेऊन चालायची आणि दुकानात तिला लेबलं लावायच्या टेबलाशी बसवलं होतं.

भिंगरी हे तिचं लहानपणापासूनचं टोपणनाव. अपघातानंतर दुकानातली माणसं एकाएकी तिला पूर्ण नावानं, वर 'ताई' लावून हाक मारायला लागली. तिनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, "चाक निखळलं म्हणून कुणी गाडीचं नाव बदलत नाही. भिंगरीच म्हणा."

"सोबत कुणी असेल तर जा," मालकीणबाई शेवटी म्हणाल्या.

"सोबत सॅक असेल."

"चेष्टा नको. तुला काही झालं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" मग त्यांना वाटलं, हिला आपणच एक अवघड अट घालावी म्हणजे ही आपोआप मागे फिरेल. "बरं. गोदामाचे तीन जिने आहेत. पुढच्या सोमवारी पाठीवर भरलेली सॅक घेऊन माझ्यासमोर वर जा आणि खाली ये. जमलं तर तिकीट काढू."

"चालेल," भिंगरी म्हणाली. "माझीही एक अट. जिन्यात माझ्या मागं कुणी हात पसरून उभं राहायचं नाही."

घरी तिनं ही गोष्ट जेवताना सांगितली. घरात आई, दादा आणि वहिनी. दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, फ्रिज दुरुस्तीचं काम करायचा. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "मी येतो."

"तुला कशाला यायचंय? तुला पुतळ्यांतलं काय कळतं?"

"पुतळ्यांतलं नाही, पण बॅग तर उचलता येते."

"बॅग मीच उचलणार. नाही उचलता आली तर जाणार नाही. पण आली तर एकटी जाणार."

दादानं ताटातल्या घासाशी चाळा केला आणि तो उठून हात धुवायला गेला. त्या दिवशी स्कूटर तोच चालवत होता. महिन्याभरात त्यानं ती भंगारात घातली आणि तेव्हापासून तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून कामावर पायी जायचा. अपघाताबद्दल त्यानं एक शब्द कधी काढला नव्हता. त्याऐवजी तो तिच्यासाठी दारं उघडायचा, खुर्च्या ओढायचा. एकदा तर त्यानं तिच्या चहातली साखरही ढवळून दिली होती, जणू तिचा गुडघा नाही, मनगट मोडलं होतं.

"जाऊ दे त्याला," वहिनी हळूच म्हणाली. "किती वजन न्यायचंय?"

"फिजिओ म्हणाली सहा किलो. सॅक धरून. त्याच्यावर गेलं तर खांदे ओढले जातील आणि कुबड्या घसरतील."

"सॅकच सव्वा किलोची आहे," वहिनी म्हणाली. ती चौदा वर्षं पार्सल ऑफिसात खिडकीवर बसत होती. वस्तू हातात घेतली की तिला वजन कळायचं, आणि लोकांनी खोक्यात काय लपवलंय तेही बहुतेक वेळा कळायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तिनं लटकवायचा वजनकाटा आणला आणि भिंगरीच्या खोलीच्या दारावरच्या खिळ्याला अडकवला.

खरी पंचाईत वजनाची नव्हती. कपाट उघडल्यावर भिंगरीला ती दिसली. डावीकडे अपघातानंतरचे कपडे होते. आईनं मायेनं आणलेल्या नाडीच्या विजारी, ढगळ सदरे, पुढून उघडणारे दोन गाऊन. सगळे मळखाऊ रंगाचे. आणताना आई प्रत्येक वेळी म्हणाली होती, "सोयीचे आहेत गं." उजवीकडे आधीचे कपडे होते, जे तिनं सोळा महिन्यांत अंगाला लावले नव्हते.

"डावीकडचे घे," आई दारातून म्हणाली. "चार दिवसांचा तर प्रश्न."

"आई, त्या प्रदर्शनात माणसाशी बोलायच्या आधी त्याचे कपडे बघतात. धंदाच तो आहे. मी तिथं आजारी बाई म्हणून गेले तर मला खुर्ची देतील, पाणी देतील आणि माल दुसऱ्याला दाखवतील."

"मग उजवीकडचे घालून पडशील."

"म्हणून तर विचार करतेय."

तिनं सगळं पलंगावर पसरलं. फोनवर शहराचं हवामान पाहिलं. सकाळी चांगली बोचरी थंडी, दुपारी ऊन, संध्याकाळी पाऊस. एका दिवसात तीन ऋतू, आणि प्रत्येक ऋतूत दोन्ही हात कुबड्यांवर अडकलेले. छत्री धरता येणार नाही. खांद्यावरची पर्स घसरली तर सावरता येणार नाही. चाकांची बॅग ओढता येणार नाही. वजन पाठीवर हवं, तिकीट आणि फोन छातीशी हवेत, आणि काहीही लोंबता कामा नये.

पहिल्यांदा सॅक भरली तेव्हा काटा नऊ किलो चारशे ग्रॅमवर जाऊन थांबला.

वहिनीनं सगळं पुन्हा बाहेर काढलं आणि जप्तीला आलेल्या माणसासारखी एकेक वस्तू उचलायला सुरुवात केली. "हे काय?"

"हिरवा ड्रेस."

"कशाबरोबर जातो?"

"कशाबरोबरच नाही. एकटाच छान दिसतो."

"मग एकटाच घरी राहील. हे?"

"केस वाळवायचं मशीन."

"हॉटेलात असतं. हे जाड पुस्तक?"

"गाडीत वाचायला."

"खिडकीतून बाहेर बघ. फुकट असतं आणि वजन लागत नाही."

त्या संध्याकाळी दोघींनी एक नियम ठरवला. प्रत्येक वरचा कपडा प्रत्येक विजारीबरोबर गेलाच पाहिजे, नाहीतर तो घरी. त्या नियमानं अर्धा पलंग रिकामा झाला. उरले शाईचा निळा आणि राखी, या दोन रंगांचे कपडे. दोन विजारी, एक अंगावर आणि एक सॅकेत. लांब बाह्यांचे तीन पातळ टॉप, रात्री धुतले की सकाळी वाळणारे. नुसतं निळं आणि राखी म्हणजे बँकेतला अर्ज भरायला निघाल्यासारखं दिसलं असतं, म्हणून एक हळदी रंगाचा पातळ लोकरी स्वेटर, आणि निळ्या-हळदी रेघांचा मोठा रुमाल. तो गाडीत पांघरायला, बाहेर गळ्यात, आणि संध्याकाळी कुणी जेवायला बोलावलंच तर खांद्यावर. पण रुमालाची टोकं कुबडीच्या मुठीत अडकली असती. तिनं ती एकमेकांना शिवून टाकली, म्हणजे डोक्यावरून घालायचा एक गोलच तयार झाला.

विजारीनं मात्र दोन दिवस खाल्ले. उजव्या गुडघ्याला पट्टा असायचा आणि पाय वाकत नसल्यामुळे अरुंद विजार चढवणं म्हणजे अर्ध्या तासाची कुस्ती. तिनं बाहेरची शिवण मांडीपासून घोट्यापर्यंत उसवली आणि तिथं ओळीनं चापाची बटणं लावली. मग डाव्या पायाचीही उसवली.

"तो पाय तर चांगला आहे," आई म्हणाली.

"एकाच पायाला लावली तर ती सोय दिसते. दोन्हींना लावली की फॅशन."

कोटाची वेळ सगळ्यांत शेवटी आली. शाईच्या निळ्या रंगाचा तो लोकरी कोट गुडघ्यापर्यंत लांब होता. काचांचं काम पहिल्यांदा एकटीवर सोपवलं गेलं, त्या वर्षी तिनं तो घेतला होता. आता घालून खोलीत चार पावलं टाकली तरी त्याचा घेर कुबडी आणि पाय यांच्यामध्ये सापडत होता. तिनं तो काढला, टेबलावर पसरला, कंबरेच्या जरा खाली खडूनं रेघ मारली आणि कात्री घेतली.

"अगं, अगं, इतका चांगला कोट!" आईनं तोंडावर हात घेतला. "खाली दुमडून टीप मार. पुढं कधी गुडघा वाकायला लागला तर..."

"आई," भिंगरी म्हणाली, "गुडघा वाकणार नाही. डॉक्टरांनी मला सांगितलंय, तुलाही सांगितलंय. दुमडलं तर तेवढं वजन मी उगीच घेऊन फिरणार. दुसरं टोक धर ना जरा, तिरकं जाईल नाहीतर."

आईनं तोंडावरचा हात काढला. मग पुढं आली आणि तिनं कापडाचं दुसरं टोक धरलं. कात्री सरळ गेली.

कोट कापून झाल्यावर बाह्यांचा प्रश्न राहिला. कुबडीची कडी कोपराखाली घासायची आणि तिथली लोकर महिन्याभरात विरून गेली असती. आई आतल्या खोलीत गेली आणि आपली जुनी तपकिरी चामड्याची पर्स घेऊन आली. बक्कल मोडलेली, पण चामडं अजून मऊ. "हिचे तुकडे लाव," ती म्हणाली. "मला तरी कुठं लागते आता." भिंगरीनं दोन लंबगोल तुकडे कापून बाह्यांवर शिवले आणि छातीशी आतून चेन असलेला एक खिसा बसवला. कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली. आई आणि वहिनी दोघी मागून बघत होत्या.

"दुकानातला वाटतो," वहिनी म्हणाली.

"कुठल्या दुकानातला?"

"आपल्याला परवडत नाही त्या."

बूट बाजूच्या चेनचे, रबरी तळाचे, पायातच. दुसरी चपटी जोडी गुंडाळून सॅकेत, कारण पहिली भिजली तर चार दिवस ओल्या बुटांत काढायचे हे वहिनीलाही पटलं नाही. बूट चढवायची लांब पट्टी, घडीचं पावसाळी जाकीट, औषधं आणि छोट्या बाटल्यांत ओतलेला साबण. रविवारी संध्याकाळी काटा पाच किलो नऊशेवर थांबला. वहिनीनं पार्सलावर मारावा तसा सॅकेवर थाप मारून शिक्का मारला. "पास."

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मालकीणबाई गोदामाच्या जिन्याखाली उभ्या राहिल्या. चष्मेवाल्यानं वरचं दार धरलं होतं. भिंगरीनं सॅक पाठीवर घेतली आणि पहिला जिना चढली. चांगला पाय वर, मग कुबड्या, मग सरळ पाय. पायरीमागून पायरी, घाई न करता. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर ती डावीकडे वळली आणि सॅकेतलं वजन तिच्याआधीच वळलं. तिचा तोल गेला. ती पायरीवर धपकन बसली, कोपर भिंतीवर आपटलं, एक कुबडी खडखडत खाली गेली.

मालकीणबाई दोन पायऱ्या धावत चढल्या. भिंगरीनं उरलेली कुबडी आडवी धरली. "अट, बाई."

"लागलं का तुला?"

"लागलं. पण पायाला नाही. ती कुबडी तेवढी द्या आणि खाली उभ्या राहा."

ती पायरीवरच बसून राहिली, सॅक काढली, उघडली. बूट आणि बाटल्या तिनं बाहेरच्या कप्प्यात घातल्या होत्या. तिथंच चूक होती. तिनं जड वस्तू तळाशी, पाठीला लागून ठेवल्या, मऊ कपडे बाहेरच्या बाजूला कोंबले आणि छातीवरचा पट्टा श्वास जेमतेम येईल इतका आवळला. मग ती वर गेली नाही. बसल्या बसल्या एकेक पायरी खाली उतरली, तळाशी येऊन उभी राहिली आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.

तिन्ही जिने चढून आणि उतरून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा घामानं भिजला होता आणि चष्मेवाला वर दार धरूनच रडवेला झाला होता.

"बास," मालकीणबाई म्हणाल्या. "तिकीट काढते. मला अजून त्रास देऊ नकोस."

जायच्या दिवशी सकाळी दादा स्टेशनवर आला. त्यानं सॅकेला हात लावला नाही. दोन्ही हात खिशात घालून तो फलाटावर उभा राहिला आणि "पोचलीस की फोन कर" एवढंच म्हणाला. दादानं इतकं शहाण्यासारखं वागावं याचा तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण पाय लांब करता येईल अशी कडेची जागा मिळवण्यात ती गुंतली होती.

शहर तिच्या आठवणीतल्यासारखंच होतं. रस्त्याकडेच्या झाडांवर पानं नव्हती, पण फांद्यांच्या टोकांना हिरवट गाठी आल्या होत्या. पहिल्या दिवशी सकाळी तिनं टॉप, स्वेटर, कोट, रुमाल असं सगळं चढवलं. अकराला ऊन आलं तसा रुमाल काढून कोटाच्या खिशात कोंबला, दुपारी कोट उघडला. मग ती प्रदर्शनाच्या दालनात शिरली. पहिल्याच दुकानाशी एक उंच बाई तिच्याकडे टक लावून बघायला लागली. भिंगरीनं मनात उत्तर तयार केलं: स्कूटरवरून पडले, सोळा महिने झाले, आता बरं आहे.

"या बाह्यांवरची चामडी पट्टी," ती बाई म्हणाली, "कुणाची आहे? म्हणजे कुणी काढलीय ही?"

"माझी," भिंगरी म्हणाली. "चामडं आईचं."

ती बाई पडद्यांच्या कापडाचा धंदा करत होती. तिनं भिंगरीला सगळा माल काढून दाखवला आणि खुर्ची दिली नाही.

पण ज्याच्यासाठी ती आली होती ते तिला त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, दालनाच्या कोपऱ्यात सापडलं. एक म्हातारा चौकटवाला स्टुलावर बसून होता आणि त्याच्यासमोर छताला टांगलेली लाकडी चौकट. बाजूला एक दोर आणि दोन कप्प्या. त्यानं दोर सैल केला, चौकट पुतळ्यासकट सावकाश त्याच्या गुडघ्यापर्यंत आली. त्यानं बसल्या बसल्या पुतळ्याची कॉलर नीट केली आणि दोर ओढला. चौकट वर गेली, जागेवर थांबली.

"माझी कंबर गेली," तो म्हणाला. "मला शिडीवर चढवेना. मग म्हटलं, आपण वर जात नाही तर काम खाली आणू."

भिंगरी त्याच्यासमोर तासभर उभी होती. तिनं चौकट अकरा वेळा खाली घेतली आणि अकरा वेळा वर नेली. दोर कुठं बांधायचा, किती वजन पेलते, छताला हुक कसे लागतात, हे सगळं विचारलं. मापं कागदावर लिहून घेतली. त्याची माहितीपत्रकं, पडदेवालीचे नमुने, दिव्यांच्या जाड वह्या असा एक गठ्ठा तिच्याजवळ जमला. तो हॉटेलपर्यंत न्यायलाच तिला दोन खेपा पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. बारीक, तिरका, बर्फासारखा गार. ती दालनाच्या दारात उभी राहून कोटावर जाकीट चढवत होती. समोर रस्त्यापलीकडे बसचा थांबा होता आणि तिथं एक माणूस डोक्यावर वर्तमानपत्र धरून कुडकुडत उभा होता. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कापडी बूट. तिची नजर वळली तसा तो खांबामागे गेला. खांब त्याच्यापेक्षा बराच बारीक होता.

भिंगरीनं सिग्नल लागेपर्यंत वाट पाहिली, रस्ता ओलांडला आणि खांबासमोर जाऊन उभी राहिली.

"बाहेर ये."

दादा बाहेर आला. वर्तमानपत्राचा लगदा त्याच्या कपाळाला चिकटला होता.

जवळच्या चहाच्या दुकानात तिनं त्याला ढकललंच. तो दोन्ही हातांनी कप धरून बसला, तरी दात वाजत होते.

"कधी आलास?"

"तुझ्याच गाडीनं. शेवटच्या डब्यात."

"म्हणजे परवा मी स्टेशनच्या जिन्यात दमून थांबले होते, तेव्हा मागं होतास?"

"हो. हात पुढं केला होता मी. तेवढ्यात तू पुढची पायरी चढलीस."

"वहिनीला माहीत आहे?"

"तिला सांगितलं, दुसऱ्या गावी कामाला जातोय."

"बॅगेत काय आणलंस?"

"घाईत भरली गं. तीन शर्ट." तो आठवायला लागला. "चार्जर. पाने-पेचकस."

"पेचकस कशाला?"

"असावा म्हणून."

"स्वेटर?"

"घरी तर ऊन होतं."

तिला हसूही येत होतं आणि त्याला कुबडीनं हाणावं असंही वाटत होतं. दुसरं जास्त. "माझ्या आठवड्याभराच्या घामाची तू माती केलीस, दादा," ती म्हणाली. "मला वाटत होतं मी एकटी आलेय."

"एकटीच आलीस. मी काय केलं? काहीच करता आलं नाही." त्यानं कप खाली ठेवला आणि टेबलाकडे बघत, पहिल्यांदाच, तो बोलला. "त्या वळणावर वाळू होती. मला दिसली होती. वेग कमी करायला हवा होता. मला वाटलं, निघेल गाडी. सोळा महिने मी रोज ती वाळू बघतोय."

बाहेर पाऊस काचेवर सडासडा वाजत होता.

"मलाही दिसली होती," ती म्हणाली. "तुझ्या खांद्यावरून. मीही नाही बोलले काही. मलाही वाटलं, निघेल."

दादानं मान वर केली.

"राग नव्हता असं म्हणणार नाही. पहिले दोन महिने होता, चांगला होता. मग गुडघ्याच्या व्यायामातच दिवस जायचा, रागाला वेळ उरेना. आता नाहीये. पण हे मागं मागं फिरणं, खुर्च्या ओढणं, साखर ढवळणं, याचा राग येतो. रोज येतो. तू असं केलंस की मी रोज नव्यानं पडते. कळलं का?"

"कळलं," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्याच्याजवळ कोरडं काहीच नव्हतं. तिनं गळ्यातला शिवलेला रुमाल काढून त्याच्या डोक्यावरून घातला. मग कोट काढून, आतला हळदी स्वेटर काढून टेबलावर ठेवला आणि कोट पुन्हा चढवला.

"हा बायकी आहे," दादा म्हणाला.

"गारठून मेलास तर पुरुषी दिसशील का? घाल."

स्वेटर त्याच्या बेंबीपाशी संपला. बाह्या कोपराच्या जरा खाली. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली खाली मान घालून हसायला लागल्या आणि मग दादालाही हसू फुटलं.

"पाचची गाडी आहे," भिंगरी म्हणाली. "तू जायचंस."

"जातो. पण..." त्याचे हात पुन्हा काहीतरी शोधायला लागले. "मी काहीच नको का नेऊ?"

तिनं विचार केला. "हॉटेलात माहितीपत्रकांचा गठ्ठा आहे. तीन-सव्वातीन किलोंचा. तो मला खरंच जड होणार आहे. तो ने."

दादानं तो गठ्ठा दुकानातून काचसामान घेतल्यासारखा उचलला. हळद्या स्वेटरातली त्याची पाठ स्टेशनच्या दिशेनं जाताना बराच वेळ दिसत होती. त्यानं वळून पाहिलं नाही. बहुधा फार प्रयत्नानं.

उरलेले दोन दिवस निळ्या आणि राखीवर निघाले. सकाळी थंडी वाजली की ती एकावर एक दोन टॉप घालायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौकटवाल्याकडे जाऊन तिनं त्याचं मालकीणबाईंशी फोनवर बोलणं करून दिलं आणि तीन चौकटींची मागणी नक्की केली. परतीच्या दिवशी स्टेशनचा सरकता जिना बंद होता. शेजारून चढणाऱ्या एका गृहस्थानं विचारलं, "सॅक घेऊ का?" ती म्हणाली, "सॅक राहू द्या. वरचं दार आपोआप लागतं, ते धराल का?" तो वर जाऊन दार धरून उभा राहिला आणि ती पोचेपर्यंत त्यानं बाकीच्या प्रवाशांना दुसऱ्या दारानं पाठवलं.

चौकटी तीन आठवड्यांनी आल्या. छताला हुक ठोकायला दुकानाचा माणूस दोनदा आला आणि दोन्ही वेळा ते वाकडे बसले. शेवटी भिंगरीनंच दादाला फोन केला. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला, शिडीवर चढला, मापं तिला विचारून विचारून हुक बसवले आणि चहासुद्धा न घेता पुढच्या कामाला निघून गेला. जाताना दार त्याच्यामागे धाडकन लागलं. दार धरायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या शुक्रवारी भिंगरी मधल्या काचेमागे स्टुलावर बसली. लेबलांच्या टेबलाशी आता चष्मेवाला होता आणि तिला तो लागतील तसे कपडे आणून देत होता. तिनं पुतळ्याला पातळ कोट घातला, कॉलर उभी केली, दोर ओढला. चौकट वर गेली. बाहेर फूटपाथवर मालकीणबाई उभ्या होत्या, कुशीत तान्ही नात. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि हातानं खूण केली, थोडं डावीकडे.

भिंगरीनं दोर सैल केला आणि चौकट पुन्हा खाली घेतली.